निम्म्या वजनाची गुंडाळी

मंगळवार, संध्याकाळ

ताईसाठी शिवलेली अवजारांची गुंडाळी आज परत आली. ताई मांजरी गावातल्या संस्थेत उसावर संशोधन करते. चाकू, चिमटे, भिंग कापडी कप्प्यांत घालायचं, गुंडाळायचं, नाडी बांधायची. जुन्या पेटीच्या निम्मं वजन! त्यावरच मी खूश.

"छान आहे," ताई म्हणाली. "फक्त सोबत एक टेबलही दे."

खरंच, उसात ती उलगडणार कुठे? खाली चिखल, एका हातात वाकवून धरलेला तुरा. उभ्यानं उघडली आणि चिमटे चिखलात गेले.

मी मात्र रोज जेवणाच्या टेबलावरच उलगडून बघत होतो. नाडी लांब करून कमरेला बांधली तर? कप्प्यांची तोंडं वर ठेवून? उद्या उभ्यानंच बघायचं.

निम्मं वजन म्हणे. टेबलाचं धरलंच नव्हतं.