रजिस्टरात नसलेला विकेटकीपर

प्रिय हुसेन,

सलाम. पत्राला फार उशीर झाला, माफ कर. तुला जाऊन आता वर्ष होईल. तुझ्या चाळिसाव्या दिवसाच्या फातेहाला गावी यायचं होतं, पण शेठने रजा दिली नाही. मग म्हटलं, पत्र लिहू. पण माझी शाळा चौथीपर्यंत. आपल्या खोलीत लिहायचं काम कायम तुझ्याकडे, माझ्या घरची पत्रंसुद्धा तूच लिहायचास. आता तुलाच पत्र धाडायचं तर लिहून कोणाकडून घेऊ? म्हणून स्वतःच बसलोय. चुका झाल्या तर हसू नको.

पत्राचं कारण तुझा मुलगा रफिक. आपल्या शुक्रवारच्या क्रिकेटला पंचवीस वर्षं झाली म्हणून पोरांनी कमिटी केली आहे. हल्ली दर मोसमाला सर्वोत्तम खेळाडू निवडून कप देतात. आपल्या वेळी कसला कप! सामना संपला की खेळपट्टीवरची काथ्याची चटई गुंडाळायची आणि बस गाठायची. तर त्या पहिल्या वर्षांचे मानकरी आता मागाहून निवडायचं ठरलं. तेव्हाचा इथे बहरीनमध्ये उरलेला मी एकटाच, म्हणून मला बाब अल बहरीनच्या वेशीमागच्या हॉटेलात चहाला बोलावलं.

इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. तुझ्याशी खोटं कशाला बोलू, मनात आशा होती.

रफिकने तुझ्या पेटीतलं रजिस्टर आणलं होतं. सामन्यात जो बसलेला असेल तो चिठ्ठीवर धावा मांडायचा आणि शनिवारी तू कामावरच्या स्टोअरमध्ये टेबलाशी बसून सगळं इंग्रजीत उतरवायचास, तेच. एका पोराने विचारलं, चाचा, तुम्ही तेव्हा काय करायचात, पाणी द्यायचात का? सगळे हसले. मीही हसलो. म्हटलं, रफिक, वाच, त्यात आहे सगळं.

पहिल्या दोन सामन्यांत माझं नाव आलं. स्टम्प्ड कासम, बोलर हुसेन. ऐकून मी सरसावून बसलो.

तिसरा सामना अस्कर गावच्या रेतीतला. आठवतो ना? तू चेंडू उंच सोडलास, तो धिप्पाड गडी पुढे आला आणि हुकला. चेंडू चटईच्या कडेवर आपटून उसळला तो थेट माझ्या उजव्या बोटावर. बोट मोडलं, पण चेंडू सोडला नाही. बेल्स उडवल्या. शेवटची विकेट! पोरांनी मला खांद्यावर घेतलं होतं.

रफिकने वाचलं, "बोल्ड हुसेन."

मी म्हटलं, परत वाच. त्याने वाचलं. तेच. तिथून पुढे, बोट बरं होऊन मी परत स्टम्पमागे उभा राहिलो तेव्हाही, पानामागून पान सगळे बोल्ड. कासम खलास.

अरे, विकेट तर तुझीच राहिली असती! स्टम्पिंगमध्येही बोलरचं नाव लागतंच. मग माझं काढून तुला काय मिळालं?

दर शनिवारी मी कँटीनमध्ये विचारायचो, माझं लिहिलंस ना? तू म्हणायचास, "लिहिलं रे बाबा. माझ्यावर भरवसा नाही?" मलाच लाज वाटायची.

चार दिवस झाले, तुझ्यासाठी बहाणे शोधतोय. रकाना अरुंद असेल. चिठ्ठी फाटली असेल. स्टोअरचा साहेब डोक्यावर उभा असेल. पण मोसमभर? आणि नेमकं त्या शुक्रवारपासून? मग एक गोष्ट आठवली. मी खांद्यावर होतो तेव्हा तू एकटा चटई गुंडाळत होतास. मी हाक मारली, तू मान वर केली नाहीस. तेव्हा वाटलं, ऐकू गेलं नसेल.

त्यानंतर बोट बरं होईपर्यंत महिनाभर तू मला भात कालवून भरवलास. काटे काढून मासळी भरवलीस. मी म्हणायचो, चमच्याने खातो. तू म्हणायचास, गप बस, तोंड उघड. हुसेन, ज्या हाताने घास दिलास त्याच हाताने शनिवारी हे लिहीत होतास? यातला खरा हात कुठला? हे मी आता कोणाला विचारू?

तर त्या दिवशी हॉटेलात रफिकने पेन उचललं. म्हणाला, "चाचा, करेक्ट आहे ना? तुम्ही यस म्हटलं की फायनल." डोळे अगदी तुझे. बापाचं रजिस्टर दोन्ही हातांनी धरून बसलेला.

"बरोबर आहे," मी म्हणालो. "तुझ्या बापासारखा बोलर नव्हता."

हे मात्र खोटं नाही.

पहिल्या मोसमाचा मानकरी तू झालास. आणि पुढचं ऐक. तू नाहीस, म्हणून येत्या शुक्रवारी तुझा कप स्टेजवर जाऊन मी घ्यायचा आहे. दोन शब्दही बोलायचे आहेत. तेव्हापासून जेवण जात नाही. माईक हातात आला आणि तोंडातून भलतंच निघालं तर? पोराचं तोंड सगळ्यांपुढे उतरेल.

तुला वचन देतो, निघणार नाही. याच वाकड्या बोटाच्या हाताने कप घेईन आणि तिथल्या तिथे रफिकला देईन. कप तुझ्या घरी जाईल. रजिस्टर जसं आहे तसंच राहील.

पण मला तुझ्याकडून एक शब्द हवा आहे. पहाटे फजरच्या नमाजनंतर माझा जरा डोळा लागतो, तेव्हा स्वप्नात ये. चूक झाली म्हण, नाहीतर मुद्दाम केलं म्हण, काहीही म्हण. फक्त शुक्रवारच्या आत कळव. वाट पाहतोय.

तुझा विकेटकीपर,
कासम