धूर निघाला, पण आग नव्हती

तीर्थरूप मामांना भाच्याचा साष्टांग नमस्कार. (खरोखरच आडवा पडून करतो आहे. पाठ धरली आहे आणि पालथं पडल्याशिवाय लिहिता येत नाही. अक्षर खाली घसरत गेलं तर दोष पाठीचा समजावा, संस्कारांचा नव्हे.)

तुमची तब्येत कशी आहे? रक्तदाबाची आजची गोळी घेतली असेल तर पुढे वाचा, नसेल तर आधी घ्या आणि टेकून बसा. तुम्ही ताईकडे गेल्याला बरेच महिने झाले, तिचं बाळ आता रांगत असेल. तुम्ही त्याला रांगायची योग्य पद्धत दाखवत असाल आणि ते बिचारं ऐकत असेल. इकडे सगळं ठीक आहे. आई शेजारीच बसून प्रत्येक ओळ वाचते आहे, तेव्हा या पत्रात जे मऊ शब्द आढळतील ते तिचे. घर-बिरही उत्तम आहे. (हे वाक्य तिनेच घालायला लावलं.)

आता आमच्या ड्रेनेज खात्याची हकीकत. तुमच्या रस्त्याच्या टोकाला जे मॅनहोल आहे, ते तुम्हाला मी काय सांगावं! पाऊस जरा जोरात आला की ते झाकण उडवतं आणि रस्ताभर सांडपाणी ओकतं. त्याबद्दल तुम्ही आमच्या खात्याला जी पत्रं पाठवलीत त्यांचा इथे अजून दरारा आहे. नवीन माणूस रुजू झाला की त्याला आधी ती वाचायला देतात, म्हणजे पुढे कोणी काही बोललं तरी त्याला लागत नाही. तर या मॅनहोलवर आमच्या साहेबांनी इलाज काढला की लाइन लहान पडते, रस्ता खोदा आणि मोठा पाइप टाका. साहेबांचा सगळ्याच रोगांवर हा एकच इलाज आहे. मागे ऑफिसातला चहा पुरेना तेव्हा त्यांनी मोठी किटली मागवली. चहा तेवढाच राहिला, पण किटली रुबाबदार आली.

माझं मत वेगळं पडलं. एरवी ते मी पोटात ठेवलं असतं, पण अहवालावर सही माझी लागणार होती. लाइन मी आतून कॅमेरा घालून पाहिली होती. कोरड्या दिवसांत ती निम्मीसुद्धा भरत नाही. ती फुगते ती फक्त पावसात, म्हणजे पावसाचं पाणी कुठून तरी सांडपाण्यात शिरत होतं. पावसाळी गटार रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला आहे आणि तिथवर पाइप नेण्याचा खर्च लोकांना जड जातो, म्हणून गच्चीचा पाइप सरळ ड्रेनेजला जोडून मोकळे होतात. पाणी मुरत होतं ते इथे. शिवाय मोठ्या पाइपातून हा सगळा लोंढा दुप्पट वेगाने खालच्या गल्लीत गेला असता. तिथे एक बाई शिवणकाम करतात. पावसाळाभर त्यांचं शिलाई मशीन विटांवर चढवलेलं असतं आणि त्या खुर्चीवर पाय वर घेऊन हाताने बटणं लावत बसतात. मामा, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तुम्हीच सांगा, तिथे आणखी पाणी सोडायच्या कागदावर सही कशी करायची?

हे साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, सिद्ध कर, नाहीतर खड्डा खणायला सुरुवात होईल आणि तू तक्रारींच्या खिडकीवर बसशील. (त्या खिडकीवरचे आधीचे गृहस्थ आता कोणाशीही बोलत नाहीत. घरीसुद्धा.)

सिद्ध करायची सोपी रीत म्हणजे धूर. मॅनहोलवर पंखा ठेवायचा आणि लाइनीत पांढरा, निरुपद्रवी धूर सोडायचा. वास नाही, डाग नाही. गच्चीचा पाइप चोरून जोडला असेल तर धूर गच्चीवर उगवतो. घरात मात्र तो येत नाही, कारण प्रत्येक मोरीखाली वाकड्या नळीत पाणी साचलेलं असतं आणि ते धुराला अडवतं. पण मोरी बरेच दिवस वापरलीच नाही तर ते पाणी सुकतं आणि धूर थेट आत येतो. म्हणून मी घरोघर चिठ्ठ्या वाटल्या की न वापरलेल्या मोरीत बादलीभर पाणी ओता. लोकांनी त्या वाचल्या, माना डोलावल्या आणि पाणी ओतलं नाही. एका घरी पाहुण्यांच्या बाथरूममधून धूर आला. बाई म्हणाल्या, शक्यच नाही, नणंदबाई चांगल्या महिनाभर राहून कालच गेल्या. मी तांत्रिक बाजू समजावून दिली. त्यांचा चेहरा असा काही उजळला म्हणता! नणंद महिनाभर आंघोळीविना राहिली हे खात्यामार्फत सिद्ध झालं होतं. मला त्यांनी दोनदा चहा दिला.

तिकडे रस्त्यावर एकेका गच्चीतून धूर निघू लागला. मी हर्षाने मोजत होतो. पण साहेब म्हणाले, धूर म्हणजे हवा, ती कुठूनही जाते, मला पाणी दाखव. गच्चीवाल्यांना विचारलं तर सगळे एका सुरात म्हणाले की आमच्या रस्त्यावरच्या एका सन्मान्य, निवृत्त गृहस्थांनी स्वतः उभं राहून हे करून घेतलं, उतार उत्तम आहे म्हणाले. त्या गृहस्थांचं घर मात्र बंद होतं. (वर्णन देत नाही, तशी खात्याची पद्धत नाही.) आणि मामा, त्या बंद घरातून जो धूर निघाला! सगळ्या मोऱ्या सुकलेल्या, त्यामुळे खिडक्यांच्या फटींतून धूर, दाराखालून धूर, गच्चीवर तर ढगच. आगीशिवाय धूर निघत नाही असं लहानपणापासून शिकलेल्या शेजारणीने अग्निशमन दलाला फोन केला. मी बंबाला हात आडवे करून सांगत होतो की आग नाही, धूर आमचाच आहे. बंबावरचे अधिकारी म्हणाले, आग लावणारे सगळे असंच सांगतात. कुऱ्हाडीने दार उघडण्यात आलं. (‘उघडण्यात आलं’ हा आईचा शब्द.) मग बंबाचा फवारा गच्चीवर सुरू झाला.

आणि इथे माझं नशीब फळफळलं. गच्चीचं तळं झालं, ते पाणी पाइपातून घरंगळत सांडपाण्याच्या लाइनीत उतरलं. धूर निसटू नये म्हणून लाइन आम्ही खालून वाळूच्या पोत्यांनी बंद केली होती, त्यामुळे ते मागे फुगून मॅनहोलातून वर आलं. तिथे साहेब पंख्यावर एक पाय ठेवून उभे होते. पंखा उचलला गेला, त्याच्यासोबत साहेबांचा पाय उचलला गेला, आणि पुढचं मी सभ्य माणूस असल्याने पाहिलं नाही. आभाळात एक ढग नव्हता, तरी मॅनहोल ओसंडत होतं! याहून स्वच्छ पुरावा मी जन्मात पाहिलेला नाही. (पाणी तितकं स्वच्छ नव्हतं.) मी आनंदाने उडी मारली आणि खाली येताना पाठीने दगा दिला.

पण साहेब कपडे बदलून आले ते पुन्हा ताठ. म्हणाले, बंबाचं पाणी कुठून शिरलं कोण सांगणार, घरमालक उद्या कानावर हात ठेवेल, जोडणी त्यानेच केली हे त्याच्याकडून लेखी आणून दे, तरच मोठा पाइप रद्द. सोमवारी बैठक आहे. कागद नसेल तर मंगळवारी खोदकाम. बाकीचे गच्चीवालेही म्हणतात, त्या सन्मान्य गृहस्थांनी पाइप तोडला तर आम्ही तोडू, आधी नाही.

असो. नेहमीच्या कामातली गंमत म्हणून कळवलं. ताईला आशीर्वाद सांगा असं आई म्हणते, बाळाचा पापा घ्या.

तुमचाच,
भाचा

ता. क. ते बंद घर तुमचं.

ता. क. २. नवीन दार बसवलं आहे, जुन्यापेक्षा भक्कम आहे. किल्ली आमच्याकडे असताना दार का मोडू दिलं असं तुम्ही विचाराल. किल्ली आईने इतकी जपून ठेवली आहे की अजून सापडलेली नाही. मोऱ्यांत अधूनमधून पाणी ओतायला तुम्ही सांगितलं होतं, तेही याच कारणाने राहिलं. तुमचं जुनं कपाट भिजलं, पण आतले तुमचे तक्रारअर्जांचे गठ्ठे कोरडे आहेत.

ता. क. ३. खरं काम असं की गच्चीचा पाइप तुम्हीच जोडलात, एवढी एक ओळ लिहून सोमवारच्या आत पाठवा. त्या शिवणकामवाल्या बाईंसाठी तरी पाठवा. मी फार आशेने मागतो आहे.

ता. क. ४. वरची ओळ वाचून आई हसली. म्हणाली, दादा मोडेल पण वाकणार नाही, चूक कबूल करणारी ओळ तो या जन्मी लिहायचा नाही. तेव्हा ती विनंती रद्द समजा. तुम्ही फक्त नेहमीसारखे भडका. मोडलेल्या दाराबद्दल साहेबांच्या नावाने एक खरमरीत पत्र झाडा, आणि त्यात हेही ठणकावून लिहा की गच्चीचा पाइप मी स्वतः उभं राहून जोडून घेतला, उतार एक नंबर दिला, माझ्या कामात खोट काढणारे तुम्ही टिकोजी कोण? तेवढं आम्हाला भरपूर आहे. सही मात्र ठळक करा.