दुसरी ओटी

२ ऑगस्ट, बॉथेल
काल पोचले. विमानाच्या लांब प्रवासाने गुडघे सुजलेत, पण खोली स्वच्छ आहे आणि खिडकीतून उंच झाडं दिसतात. सावनीला सातवा महिना. लेकीचं बाळंतपण आणि पुढचा सव्वा महिना उरकून परत जायचं, एवढंच काम घेऊन आले आहे. जावई निमिष सारखा म्हणतो, आई, रेस्ट करा. रेस्ट केली तर डिंकाचे लाडू कोण वळणार?

५ ऑगस्ट
डोहाळजेवणाचे फोटो. घरात नाही, धबधब्यावर! हिरवी साडी, फुलांचे दागिने, पायात ट्रेकिंगचे बूट आणि दीड मैल चढ. हा मूर्खपणा आहे, असं मी सांगितलं. सावनी म्हणे, "आई, चिल. सगळे करतात." धबधबा मात्र चांगला, काळ्या खडकावरून सरळ पडणारा. तिथेच सावनीची ओटी भरली. शेजारी हिरव्या लुगड्यातली एक तरुण बाई उभी होती. आपल्याकडचीच असावी. नखशिखांत ओली, पोट खपाटीला गेलेलं. ओटी भरताना दुसरी बाई समोर असेल तर तिला तसंच पाठवायचं नाही, हा आमच्या घरचा शिरस्ता. उरलेले तांदूळ आणि दुसरा नारळ तिच्या पदरात घातला. तुझीही कूस भरू दे, म्हटलं. ती नुसती सावनीच्या पोटाकडे बघत राहिली.

७ ऑगस्ट
निमिषने फोटो दाखवले. एकात मी वाकून हवेत तांदूळ ओतते आहे. "आई, हे काय चाललंय?" म्हणून दोघं हसले. बाई फोटोत नाही. खडकावर तांदळाचा दाणाही नाही. मी तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. दमले आहे, एवढंच.

१० ऑगस्ट
बाळ कमी हलतं. डॉक्टर म्हणाल्या, ठोके ठीक, पण वाढ दोन आठवडे मागे आहे. घरी येऊन तो फोटो पुन्हा उघडून पाहिला. आता बाई आहे. पदर पसरलेली. पोट किंचित पुढे —

१३ ऑगस्ट
पाच आठवडे मागे. असं होत नाही म्हणतात; मशीन बदलून पाहिलं. सावनीचे कपडे सैल झालेत. फोटोतल्या बाईचं पोट — निमिषला दाखवलं. त्याला ती दिसतच नाही. आई, झोपा जरा, म्हणाला.

१५ ऑगस्ट, सकाळ
दिलेली ओटी परत मागत नाहीत. मी मागणार. निमिषला गाडी काढायला लावली. दोघं खाली पार्किंगमध्ये. मी एकटी वर, धबधब्यापाशी. परत आले नाही तर सावनीला कळावं, म्हणून लिहिते.

ती बसली आहे. मांडीवर मी दिलेला नारळ. नऊ महिने भरलेले —

मी पदर पसरला. तिने नाही म्हणून मान हलवली. मग पोट धरलं. कळा.

मला आई म्हणाली.

तिचं बाळंतपण करते. मूल हाती आलं की घेऊन खाली पळायचं, सावनीकडे —

माझं डावं मनगट धरलंय. हात बर्फ. विचारते, आई, सव्वा महिना राहशील ना माझ्या —