दारावरची पाटी

पास्को,

आईचं घर तू लंडनवाल्यांना विकलंस, त्यावर आता भांडायचंही त्राण नाही. आपल्या कॉर्नवॉलला लंडनपासून वेगळी, स्वतःची विधानसभा हवी म्हणून बाजारात सह्या मागून माझा घसा बसलाय.

नव्या मालकीणबाई म्हणाल्या, "घराला तुमच्या कॉर्निश भाषेतलं एखादं गोड नाव सुचवा ना!" मी रागाने म्हटलं, "ग्वेर्थिस." म्हणजे 'विकलेलं'.

"अय्या, किती छान!"

आज पाटी लागली. गावातलं कुणीतरी हसेल, निदान मला शिव्या घालेल, म्हणून मी समोर उभी राहिले. प्रत्येक मोर्चात आपला कॉर्नवॉलचा काळापांढरा झेंडा धरणारा डेन्झिल थांबला, पाटी वाचली आणि म्हणाला, "वा गं! आता कसं आपलं वाटतंय!"

आपली भाषा त्यालाही येत नाही. हे पत्र टपालात टाकवणार नाही.

दमलेली,
केरेन्साताई