परान्नाची ॲलर्जी

पार्सिपनी,
१२ जानेवारी २०२५

चि. प्रल्हाद यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर बोलण्यासारखं असतं तर फोनच केला असता. पण मी फोन लावला की हे टीव्हीचा आवाज बारीक करून ऐकत बसतात, म्हणून पत्र.

इथे सारं ठीक. ह्यांची परवा तपासणी झाली. डॉक्टरांनी हृदयाची चित्रं स्क्रीनवर दाखवली आणि आता वर्षभर मला तोंड दाखवू नका म्हणाले. बायपास होऊन दोन वर्षं झालेला माणूस आहे हे सांगूनही खरं वाटत नाही. स्नो पडला की फावडं घेऊन निघतात आणि मी दार अडवून उभी राहते, एवढंच काय ते आमचं भांडण.

आता संकट सांगते. त्या आनंदात ईशानने आम्हा दोघांना मार्चमध्ये कॅरिबियनला न्यायचं ठरवलंय, ग्रेनडा नावाच्या बेटावर. तो सांता क्लाराहून परस्पर येणार. राहायचं ऑल-इन्क्लुसिव्ह रिसॉर्टमध्ये, म्हणजे सकाळच्या चहापासून रात्रीच्या आइस्क्रीमपर्यंत सगळं धरून. म्हणतो, आई, आठवडाभर तू चमचासुद्धा उचलायचा नाहीस. मुलगा इतक्या प्रेमाने बोलतो आणि मी इकडे नको कसं म्हणायचं ते शोधत बसते. कारण फक्त तुला ठाऊक आहे. ऑपरेशनच्या दिवशी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये तू सूप घेऊन आलास आणि मी हात लावला नाही. हे घरी चालत आले तर मी परान्न घेणार नाही, असं देवाला सांगून बसले होते. तेव्हापासून दुसऱ्याच्या हातचं शिजलेलं मी खाल्लेलं नाही. मंडळाच्या पिकनिकला स्वतःचा डबा नेते आणि ॲसिडिटीचं नाव सांगते. त्या ॲसिडिटीवर बायकांनी मला इतके उपाय सुचवलेत, की माझा दवाखाना चालेल.

तर तू मामा म्हणून ईशानला पटव. रिसॉर्ट नको, स्वयंपाकघर असलेलं छोटंसं घर भाड्याने घेऊ म्हणावं. कारण काहीही सांग, खरं तेवढं सांगू नकोस. ह्यांना कळलं तर लगेच सोडायला लावतील. मी सोडलं आणि ह्यांना काही झालं तर? पुढचं लिहीत नाही.

तुला आणि शिवांगीला जोडीने आशीर्वाद. बहिणीवर तुझी माया आहेच, ह्या वेळी त्या मायेला जरा कामाला लाव.

तुझी
ताई

---

नोव्हाय,
२६ जानेवारी २०२५

ती. मीनाक्षीताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. सुशांतरावांची चित्रं चांगली आली हे वाचून शिवांगीने देवापुढे साखर ठेवली आणि मी ती चहात घातली. देवाची हरकत दिसली नाही.

आधी व्याकरण, मग बातमी. बातमी वाईट आहे, म्हणून हा क्रम. परान्न हा षष्ठी तत्पुरुष: परस्य अन्नम्, दुसऱ्याचं अन्न. रिसॉर्टचे पैसे ईशानने भरलेत, म्हणजे तिथलं अन्न ईशानचं. मुलगा पर कधीपासून झाला? तू म्हणशील, कुणी शिजवलं ते बघायचं. मग तो मध्यमपदलोपी समास होतो आणि मधलं 'शिजवलेलं' हे पद तू गिळलंस असं धरावं लागतं. दोन वर्षांत परकं असं तेवढंच तू गिळलेलं दिसतं. पाठशाळेत घासलेली माझी ही विद्या इथे मोटारींच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर लिहिताना वाया जाते, तेव्हा निदान तुझ्यावर चालवून घेतो.

आता बातमी. ईशानला फोन केला. भाड्याच्या घराची बाजू मी फार चांगली मांडली. सकाळी बाजारात जाता येईल, गावातली माणसं भेटतील, गेटच्या आत मनगटावर पट्टा बांधून आठवडा काढण्यात कसलं बेट पाहणं, वगैरे. पोराने सगळं ऐकून घेतलं आणि एकाच वाक्यात मला आडवं केलं. म्हणाला, मामा, घर घेतलं की आई स्वयंपाक करते. फ्लोरिडाला गेलो होतो तेव्हा तिने अख्खा समुद्र फोडणी देताना खिडकीतून पाहिला. मला ते दृश्यच दिसलं. त्या गडबडीत तोंडून निघून गेलं, की अरे, तिला परान्न चालत नाही.

मग त्याने घाबऱ्या आवाजात विचारलं, प्रॉन?

ताई, मी शपथेवर सांगतो, मी दुरुस्त करायला तोंड उघडलं होतं. पण तो सुटलाच. म्हणे आता सगळा उलगडा झाला. आई दोन वर्षं कुणाकडे जेवत का नाही, पिकनिकला डबा का नेते, तर तिला कोळंबीची ॲलर्जी झालीय, आणि कोळंबीचं कालवण पप्पांना आवडतं म्हणून ती सांगत नाही. रडवेला झाला होता गं. खरं सांगू नकोस अशी तुझी ताकीद, आणि खोटं त्याने स्वतःच रचलेलं; मला करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. त्याने लगेच रिसॉर्टला ईमेल केली. तिथे ॲलर्जीवाल्यांना लाल पट्टा देतात आणि मुख्य शेफ स्वतः टेबलाशी येऊन भेटतो. भाड्याच्या घरात कुणाच्या कढईत काय शिजलं असेल कोण जाणे, म्हणून ते आता कायमचं बाद.

थोडक्यात, तुझं काम झालं, फक्त उलट्या दिशेने. तरीही लोभ आटू देऊ नये. आटला असल्यास नळ पुन्हा सोडावा.

तुझा
प्रल्हाद

---

पार्सिपनी,
४ फेब्रुवारी २०२५

चि. प्रल्हाद यास,
आशीर्वाद आहेत, पण आज हात आखडून देते आहे.

आई-बाबांनी तुला संस्कृत शिकवलं, त्याऐवजी गप्प बसायला शिकवलं असतं तर बरं झालं असतं. ईशान रोज फोन करतो. ॲलर्जीच्या डॉक्टरकडे गेलीस का, इंजेक्शनचं पेन घेतलंस का, ओठ सुजतात का. ह्यांनी तर फ्रीझरमधली सगळी कोळंबी उचलून शेजारच्या रेखाला देऊन टाकली आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले, मोठा त्याग केल्यासारखे. मला हसू आवरेना, म्हणून बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला. मग तिथेच रडूही आलं.

कारण ईशान म्हणाला, पप्पा हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा तू सगळ्यांना जेवायला घालत होतीस, तुला कुणी वाढलं ते मला आठवतच नाही. आता तुला कुणीतरी वाढताना बघायचंय. पल्या, असं बोलणारा मुलगा दिला म्हणून देवाचे आभार मानायचे, आणि त्याच देवाला घाबरून त्याच्या ताटातलं नको म्हणायचं. मला नाही म्हणवत नाही आणि हो म्हणायची हिंमत नाही. रात्री हे जरा वेळ हलले नाहीत की मी नाकाशी हात धरून श्वास बघते. अजूनही. हे तुला पहिल्यांदाच सांगते आहे.

मी तिथे फळांवर राहीन. लाडू नेईन. काही विनोद न करता उत्तर जमलं तर लिही.

ताई

---

नोव्हाय,
१६ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

विनोद न करता लिहितोय. हात दुखतोय.

त्या दिवशी कॉरिडॉरमध्ये मी होतो. तू काय बोललीस ते मी ऐकलं, आणि काय बोलली नाहीस तेही. तू मुदत घातली नव्हतीस. चातुर्मासापुरतं, वर्षापुरतं, काहीच नाही. कसं सुचणार? तेव्हा तुझ्या दृष्टीने त्या दाराच्या पलीकडे उद्या नावाचं काही नव्हतंच. पण ताई, आपल्याकडे व्रताला उद्यापन असतं. उद्यापन म्हणजे व्रत मोडणं नव्हे, ते पुरं करणं. नेम संपला, की चार माणसं बोलवायची, जेवायचं, देवाला म्हणायचं, तू दिलंस, मला मिळालं. ते केल्याशिवाय व्रत अर्धवट राहतं. तू मागितलेलं तुला मिळालंय आणि ते फावडं घेऊन स्नो काढायला निघतंय. मिळालं, एवढं म्हणायचं तेवढं राहून गेलंय.

सोड असं मी म्हणत नाही. ती हिंमत तुझी तू करायची, आणि नाही झाली तरी मी आहेच. पण सुशांतरावांपासून लपवू नकोस. ज्याच्यासाठी दोन वर्षं डबा वाहिलास, त्याला तो उचलून तरी बघू दे.

शिवांगी म्हणते, लाडू बेसनाचे ने, रव्याचे फुटतात. तुझ्या मायेवर हक्क सांगण्याइतका धाकटा मी अजून आहे असं समजून असतो.

तुझा
प्रल्हाद

---

सेंट जॉर्जेस, ग्रेनडा,
१४ मार्च २०२५

चि. प्रल्हाद यास,
अनेक, अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्ता पाहून चकित झाला असशील. हे रिसॉर्ट नव्हे. बंदराच्या वरच्या टेकडीवर एक पिवळं घर आहे, त्याच्या व्हरांड्यात बसून लिहिते आहे. खाली बोटी दिसतात.

रिसॉर्टला नावं ठेवणार नाही. माणसं गोड, पाणी असं निळं की शाई सांडल्यासारखं, आणि कुणी तरी आपली गादी झटकून चादर घालतं ह्याचं सुख मला इतक्या वर्षांनी कळलं. पण ऑल-इन्क्लुसिव्हमध्ये एकटी मीच धरलेली नव्हते. मनगटावर लाल पट्टा. शेफ दर जेवणाला येऊन छातीवर हात ठेवून सांगायचा, की आज प्रॉन नाही. मी त्याचे आभार मानून पपई खायची. खोलीत येऊन लाडू. हे बघत होते, ईशान बघत होता. तिसऱ्या दिवशी ईशानने स्वतःची भरलेली ताटली बाजूला सारली आणि म्हणाला, तू खात नाहीस तर मीपण नाही. माझ्यासारखाच हट्टी.

मग मी सांगितलं. सगळं, कॉरिडॉरपासून. परान्न म्हणजे काय ते कळल्यावर ईशान इतका हसला की शेजारच्या टेबलावरचे वळून बघायला लागले, आणि हसता हसताच त्याने टेबलावर डोकं टेकलं ते वर केलंच नाही. हे उठले आणि पाण्याकडे चालत गेले. मी बघत राहिले. परत आले ते मलाच रागावले, की हाताशी धडधाकट नवरा असून भुकेली राहतेस, ती माझ्या नावावर? मी म्हटलं, भुकेली नव्हते, घाबरलेली होते. तेव्हा माझ्याजवळ खुर्ची ओढून बसले.

मी त्यांना तुझं उद्यापन वाचून दाखवलं. तुझं पत्र पर्समध्येच होतं. ह्यांनी विचारलं, उद्यापनाला कुणाच्या हातचं चालतं? माहीत नाही म्हटलं, तर म्हणाले, मग ठरलं. शेवटच्या दिवसांसाठी ईशानने हे घर शोधलं. स्वयंपाकघर बघून माझे हात आपसूक पदर खोचायला गेले, तर हे दारात आडवे. ह्या वेळी दार अडवायची पाळी त्यांची होती.

बापलेक सकाळी बाजारात गेले. इथे जायफळं ढिगाने विकायला असतात, तू असतास तर श्रीखंडावर व्याख्यान दिलं असतंस. येताना मोठी मोठी पानं घेऊन आले. इथे त्याला कॅलालू म्हणतात. पल्या, अळू! अगदी आपलं अळू. ह्यांना तूर आणि मूग कळत नाही हे तुला माहीत आहे. शिवांगीला फोन करून कृती विचारली म्हणे, तिचे आभार मान. आतून भांडी पडल्याचे आवाज, ईशानचं इंग्रजीत ओरडणं, जळल्याचा वास. मला आत यायची बंदी. मी इथे व्हरांड्यात बसून समुद्र बघत होते. खिडकीतून नव्हे.

दुपारी ताट आलं. भात, आणि वर अळूचं हिरवंगार फतफतं, जरा करपलेलं. हे समोर बसले. हाताला दोन ठिकाणी पट्टी. मनात एवढंच म्हटलं, देवा, मुदत घालायची राहिली होती, ती आज. दिलंस, मिळालं. आणि घास घेतला.

चिंच घालायला विसरले होते रे. शिवांगीने सांगितलं असणार, ह्यांच्या लक्षातून गेलं. दुसऱ्या घासाला घसा खाजायला लागला, तिसऱ्याला खवखवून डोळ्यांत पाणी आलं. हे टक लावून बघत होते. मी आणखी थोडं वाढा म्हटलं. त्यांनी वाढलं, आणि डोळे का भरले विचारलं. मी सांगितलं, अळू खाजरं आहे. त्यांना ते खरं वाटलं.

तुम्हा दोघांचं आमच्यावर जे प्रेम आहे ते असंच राहो. मी काही त्याची मुदत घालणार नाही.

तुझी
ताई