अड्याळचा पाहुणा

जवाहरनगर,
२ फेब्रुवारी २०२५

प्रिय परसराम,

रामराम. काकूले नमस्कार सांग. मी इकडे बरा आहो. फॅक्टरीची बस सकाळी नेते, सांजेले आणून सोडते, तेवढंच चालू आहे. तुझा धान चुरून घरात आला का? काकूच्या डोळ्याचं ऑपरेशन आता लांबवू नको.

फोन सोडून पत्र काहून लिहून राहिलो, असं वाटेल तुले. फोनवर मी दुसऱ्याच वाक्याले मस्करीवर येतो, म्हणून.

आंधळगावच्या मंडईच्या जत्रेत मी नाटकात येडा झालो होतो, आठवते? मारोतराव गुरुजींनी जुन्या इंग्रजी नाटकावरून बसवलं होतं. त्यातला येडा दाढी लावून वैद्य बनते आन् शहाण्यायले बनवते. गुरुजी म्हणत, "येड्याले सारं माफ असते. शेवटी सोंग उतरते आन् साऱ्यायची लग्नं लागतात." तू समोर बसून पोट धरून हासत होता.

परवा गावाहून आमच्या बहिणीचा, अंजूचा फोन आला. मोहाडीच्या राखीनं तुले पसंत केलं, पण काकू नाही म्हणाली म्हणे. "अड्याळच्या पाहुण्याले त्याच्या पोरीसाठी शब्द देल्ला. त्याचा निरोप आल्याबिगर दुसरीकडे पाहायचं नाही." तीन महिने झाले, परसराम. मोहाडीवाले आठ दिवस थांबतो म्हणाले.

त्या पाहुण्याले काकूनं पाय धुवाले पाणी देल्लं. खीर वाढली, नारळ-दुपट्टा देल्ला. तू नवा शर्ट घालून बसला होता. शेती किती विचारलं, तर अडीच एकर म्हणाला, अर्धा एकरही वाढवून सांगितला नाही. लाजून मान वर केली नाही. केली असती, तर त्या चष्म्यामागं कोण आहे ते तुले तेव्हाच समजलं असतं.

मिशा नाटकाच्या पेटीतल्या होत्या. गोठ्यामागं आपला दोस्त कुलदीप तोंडात रुमाल कोंबून हासत होता. अड्याळात कोणती पोरगी नाही. पाहुणा मीच होतो.

सांजेले तोंड धुऊन सांगाले आलो होतो, खरं सांगतो. तू घरी नव्हता. काकूनं बसवलं, उरलेली खीर वाढली आन् म्हणाली, "परसरामचं जमलं रे प्रविण. त्याले भाऊ नाही, मांडवात तूच उभा राहाजो." मी हो म्हणालो. एकाच दिवशी त्या घरची खीर दोनदा खाल्ली. तेव्हापासून तुमच्या गल्लीत पाय टाकला नाही. डबल ड्युटी आहे म्हणून सांगत होतो ना, तेही खोटं.

काकूले सांग, तिचा शब्द मोडत नाही. शब्द घेणारा माणूसच खोटा होता. रविवारी दुपट्टा घेऊन येतो. दारात उभं करायचं का नाही, ते तुम्ही ठरवा. पण माझ्यासाठी थांबू नको, आधी मोहाडीले फोन कर.

मेसेजखाली दरवेळी 'तुझा भाऊ' लिहीत होतो. आज लिहाले हात होत नाही.

प्रविण