अंबादासचा साउंडबॉक्स

नाहूर,
१८ सप्टेंबर २०२४

कमलवहिनींना चंद्रप्रकाशचा जय भीम.

तुमचा गुडघा कसा आहे? माझं काही खरं नाही. गॅस बंद केला का, दाराला कडी लावली का, हे दहादा उठून बघतो. फोन हातात घेतला की तोंडातून शब्द निघत नाही, म्हणून लिहितो. शिक्षण चौथीपर्यंत, चुका पोटात घाला.

मंगळवारी तुमची दर्शना ग्रामोफोन घेऊन आली. म्हणाली, "काका, सगळे पार्ट ओरिजिनल आहेत असं लिहून द्या ना. मालाडचा एकजण घेतोय. आई म्हणते, बाबांबरोबर त्याचा आवाजपण गेला, आता ठेवून काय करू?"

मी लिहून दिलं. सहीसुद्धा केली.

वहिनी, ती चिठ्ठी फाडा. मशीन देऊ नका.

कर्णा जुना आहे, चावी जुनी आहे. पण सुई ज्यात बसते तो गोल साउंडबॉक्स नकली आहे. आतल्या अभ्रकाच्या चकतीभोवतीचं रबर नखाने दाबून बघा, दबेल. अस्सल रबर इतक्या वर्षांत दगड होतं.

तो मीच बनवलाय. कंपनीत मी जुन्या पार्टची हुबेहूब नक्कल बनवायचो, तेव्हा अंबादास सगळ्यांपुढे मला चिडवायचा, "तुझी नक्कल मी डोळे मिटून ओळखीन रे चंद्या!" म्हणून अकरा वर्षांपूर्वी मशीन तेलपाण्याला माझ्याकडे आलं, तेव्हा बदलून टाकला. रविवारी चारचौघांत सांगून त्याची जिरवणार होतो.

त्याच्या आधीच्या बुधवारी तुमच्याकडे त्याने रेकॉर्ड लावली. दोनदा सुई उचलून परत ठेवली. मग कान चोळत म्हणाला, "माझे कान गेले वाटतं रे." मी हसू दाबून तुमचा चहा प्यालो.

शुक्रवारी त्याला अ‍ॅडमिट केलं. रविवार त्याला मिळालाच नाही.

पुण्यानुमोदनाला तुम्ही तीच रेकॉर्ड लावलीत आणि म्हणालात, आवाज त्यांच्याबरोबर गेला. मी नुसती मान हलवली.

अस्सल साउंडबॉक्स माझ्याकडे बिस्किटाच्या डब्यात आहे. मी बोललो की अभ्रक थरथरतं, ते समजू शकतो. पण मी गप्प असलो तरी डब्यातून बारीक आवाज येतो. फडक्यात गुंडाळला, तांदळात पुरला. तरी येतो. कान चोळल्यासारखा.

शनिवारी येऊन बसवून देतो. रेकॉर्ड तुम्ही लावा. मी बाहेर जिन्यात थांबेन. बोलावलंत तर आत येईन, नाहीतर तसाच जाईन.

त्याचे कान चांगले होते, हे त्याला सांगायचं राहिलेला,
चंद्या